पाऊस नाही, तरी छत गळतं!

प्रश्न : आमच्या शाळेचं बंदिस्त क्रीडागृह गेल्या वर्षी उभं राहिलं. लोखंडी सांगाडा, वर एकेरी पत्रा. थंडीत पहाटे बॅडमिंटन कोर्टावर पाण्याचे थेंब पडलेले असतात. पाऊस तर नसतोच. ठेकेदाराने दोनदा सिलिकॉन मारलं, उपयोग शून्य. पत्रे बदलावेत का?
— एक क्रीडाशिक्षक

उत्तर : सर, पत्रे बदलू नका आणि सिलिकॉनची नळी आता कुणाला उघडूही देऊ नका. हे गळणं नव्हे, पत्र्याला घाम सुटतोय.

छपरं चढवण्यात माझं आयुष्य गेलं, तरी ही चूक मीही केली आहे. एका हॉलवर तीन दिवस माणसं चढवून आम्ही एकेक स्क्रू आवळत बसलो. शेवटी एका पहाटे मी शिडी लावली, पत्र्याच्या आतल्या अंगावरून हात फिरवला, तर तळवा ओलाचिंब. भोक एकही नाही. पाणी ओघळत पर्लिनपाशी, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या लोखंडी दांड्यापाशी, अडायचं आणि तिथून टपकायचं, त्यामुळे खाली कोर्टावर ओल्या ठिपक्यांच्या सरळ रांगा. तुमच्याकडेही बहुधा तसंच दिसेल. आणि आभाळ निरभ्र असलेल्या पहाटे थेंब जास्त, ढगाळ असेल तेव्हा नावालाच.

कारण निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेकतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. आत मुलांच्या घामाची, श्वासाची वाफ कोंडलेली. त्यात शटल भरकटतं म्हणून बॅडमिंटनवाले खिडक्या उघडू देत नाहीत! आतली हवा २० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर पत्रा १४ अंशांच्या आसपास उतरला की पाणी धरू लागतो.

तेव्हा आधी बिनखर्चाचा उपाय. खेळ संपला की खालच्या खिडक्या आणि छपराच्या कण्याजवळची झडपं तासभर उघडी ठेवा, पंखा असेल तर लावा. तेवढ्यानं भागलं नाही, तर पत्र्याखाली ग्लासवूल, म्हणजे एका अंगाला फॉइल लावलेली काचतंतूंची लोकर, बसवून घ्या. फॉइलचं तोंड खाली, हॉलकडे. प्रत्येक सांध्यावर टेप. टेप राहिली तर वाफ लोकरीत शिरते आणि ती भिजून लोंबते. पर्लिनही झाकायला सांगा, उघडं लोखंड तसंच घाम धरतं.

सिलिकॉन का टिकलं नाही, तेही सांगतो. ३० मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने सुमारे १४ मिलिमीटर लांबतो नि आखडतो. एवढ्या ओढाताणीत ते फाटणारच.

पावसाळ्यात थेंब एकाच जागी, पत्र्याच्या ओव्हरलॅपखाली पडले, तर मात्र ती खरी गळती. तेव्हा ठेकेदाराला बोलवा.