टेबलटॉप रोलप्लेइंग गेमची (टेबलाभोवती बसून पात्रं साकारत खेळायच्या खेळाची) नवी आवृत्ती आली की खेळाडू किती लवकर तिच्याकडे वळतात?

ठरावीक वेग असा नाही. सगळं ग्रुपवर अवलंबून, त्यातही गेम मास्टरवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्यावर. त्याने नियमांची नवी पुस्तकं घेतली की बाकीचे मागोमाग येतात. तो नको म्हणाला की विषय संपला. शिवाय चालू मोहीम (अनेक बैठकांत चालणारी सलग कथा) मध्येच सोडून नियम बदलायला सहसा कोणी तयार नसतं, आणि मोहिमा वर्ष-दोन वर्षं सहज चालतात. म्हणजे पुस्तक खपलं तरी ते लगेच खेळलं जातंच असं नाही.

बदल किती मोठा, हेही बघा. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या गेमच्या चौथ्या आवृत्तीने २००८ मध्ये नियमांचा ढाचाच बदलला. तिसरीचे नियम खुल्या परवान्याखाली होते, म्हणजे इतरांनाही वापरता येत, म्हणून पायझो कंपनीने त्यांच्याच आधारावर २००९ मध्ये 'पाथफाइंडर' हा गेम काढला आणि बरेच जुने खेळाडू तिकडे गेले. (जुनं धरून ठेवायची इतकी चांगली सोय एरवी मिळत नाही!) २०१४ ची पाचवी मात्र झपाट्याने पसरली. माझ्या मते त्यात नवख्यांचा वाटा मोठा. त्यांना सोडायला जुनं काही नव्हतंच.

उलट 'कॉल ऑफ क्थुलू' या दुसऱ्या गेमची सातवी आवृत्ती घ्या. जुन्या पात्राच्या मूळ गुणांना पाचाने गुणलं की बहुतेक काम झालं. बदल इतका छोटा असला की घाई कोण कशाला करेल?