कॉलेजचा परिसर व्यसनमुक्त ठेवण्यासाठी खरंच काय करता येतं?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या व्यसनमुक्ती समितीत तुम्हाला टाकलंय, शपथ झाली, पोस्टर लागले, आता पुढं काय करायचं ते कळत नाही. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी नऊ वर्षं मुलांच्या हॉस्टेलचा रेक्टर होतो, तेवढ्या भांडवलावर सांगतो. शपथेचा फोटो पेपरात येतो, बाकी काही होत नाही. पहिल्या रांगेत हात पुढं करून उभ्या असलेल्या दोघांच्या खिशात पुडी असते, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. टाकीत किती उरलंय ते बघायला मी रोज सकाळी गच्चीवर चढायचो. एरवी तिकडं कोण फिरकतंय? टाकीच्या मागं विटेखाली गोळ्यांची रिकामी पाकिटं दाबून ठेवलेली सापडली, वीस-बावीस तरी असतील. औषधाचं नाव असतं तेवढी पट्टी कात्रीनं नीट कापलेली. शेजारी खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या. दारूची एकही नाही. आणि आम्ही तीन वर्षं गेटवर बॅगा तपासत, पोरांची तोंडं हुंगत बसलो होतो.

क्वार्टरला पैसे लागतात आणि तोंडाला वास येतो. 'बटन'ला यातलं काही नाही. बटन म्हणजे अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम असल्या झोपेच्या नाहीतर चिंतेच्या गोळ्या. त्याच्या जोडीला नशा आणणारं कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप, रुमालावर घेऊन हुंगायचं पंक्चरचं सोल्यूशन. आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोनची पावडर, मुंबई-पुण्यात, आपल्याकडं कुठलं, असं म्हणायची सोय २०२५ मध्ये तुळजापुरात एमडी विकल्याचं प्रकरण निघाल्यापासून राहिली नाही. तेव्हा समितीतल्या प्रत्येकाला आधी या गोष्टी ओळखता आल्या पाहिजेत. डोळे लाल नाहीत, वास नाही, पण पोरगा दुसऱ्याच तासाला बेंचवर डोकं टेकतो, बोलताना जीभ जड होते, मेसचं ताट तसंच ठेवून उठतो. आम्हाला वाटायचं, रात्री मोबाईल बघत बसला असेल.

आता कंपाउंडच्या बाहेर चला, कारण माल तिथून येतो. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, कोडीन ही औषधं २०१४ पासून एच-वन शेड्यूलमध्ये आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि दिली की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या, हे वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं जपायचं, असा नियम आहे. मी आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे (रासेयो) एक सर रस्त्यावरच्या पाचही मेडिकलवर गेलो. आरोप नाही, धमकी नाही, चहा घेत एवढंच विचारलं, 'एच-वनचं रजिस्टर ठेवता ना?' चौघांनी लगेच काढून दाखवलं. पाचवा म्हणाला, मालक बाहेर गेलेत. मालक आठवडाभर बाहेरच होते! मग कॉलेजच्या लेटरहेडवर अन्न व औषध प्रशासनाला पत्र दिलं, एकदा तपासणी झाली, आणि त्यानंतर गच्चीवर पाकिटं दिसायची कमी झाली.

टपरीचंही तसंच. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटर, तंबाखूचा कुठलाही माल विकायचा नाही, हा २००३ चा कायदा आहे. गुटख्यावर तर राज्यात २०१२ पासूनच बंदी. क्रीडा विभागातला थाळीफेक मोजायचा टेप घेऊन मी गेटपासून मोजलं, तर टपरी बाहेर भरत होती. नंतर कळलं, मोजायचं गेटपासून नसतं, कंपाउंडच्या भिंतीपासून असतं. पुन्हा मोजलं तर त्रेपन्न मीटर. टपरीवाला म्हणाला, 'सर, मला दोन पोरी हायेत, धंदा उठवू नगा.' त्याचंही चूक नव्हतं. पुड्या बंद करून वडापाव-चहा चालू ठेवायचा, असं ठरलं. कॅन्टीनवाला महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता, ते वेगळं.

पोरगं सापडलं की काय करायचं, यावर समितीचं खरं भांडण होईल. पहिल्यांदा सापडलेल्या मुलाला आम्ही काढून टाकलं. आईबाप ऊसतोडीला कर्नाटकात, बाप तीन दिवसांनी येऊन पोचला, ऑफिसबाहेर पायऱ्यांवर बसून राहिला. 'गुरुजी, पोराला काढू नगा, घरी ठिवून कोण बघणार त्याला?' मी तेव्हा नियम दाखवला. मुलगा गेला, आणि त्यानंतर वर्षभर एकाही पोरानं मला काही सांगितलं नाही. गोळ्या मात्र चालूच होत्या.

दुसऱ्या वर्षी नियम बदलून घेतला. विकणारा, वाटणारा, त्याला माफी नाही, पोलिसांना कळवायचं. घेणारा स्वतःहून आला, तर कॉलेजातून काढायचं नाही, हजेरी धरायची, दवाखान्यात न्यायचं. प्राचार्य कायद्याला घाबरत होते. त्यांना एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४ अ वाचून दाखवलं. व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडला, तरी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही, अशी तरतूद कायद्यातच आहे. त्यानंतर सहा महिन्यांत चौघे आले. तिघे रात्री अकरानंतर, चप्पल हातात घेऊन.

एक मात्र पाळा. गोळ्या किंवा दारू रोज घेणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम बंद करायला लावू नका. झटके येतात, जीव जातो. अंबाजोगाई, लातूर, नांदेडची सरकारी मेडिकल कॉलेजं, संभाजीनगरचा घाटी हा सरकारी दवाखाना, तिथल्या मनोविकार विभागात न्या, डोस हळूहळू उतरवतात. १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे. नंबर नोटीस बोर्डावर नको, संडासाच्या दाराच्या आतून चिकटवा. बोर्डासमोर उभं राहून कोण उतरून घेईल?

ढाब्यावरच्या पार्ट्या तुमच्या हातात नाहीत. 'भैय्यासाहेबां'च्या वाढदिवसाला बायपासवर पन्नास पोरं जेवायला जातात, बिल कोण भरतो ते सगळ्यांना माहीत असतं. त्या रात्री हॉस्टेलच्या मैदानावर दिवे लावून व्हॉलीबॉलची मॅच ठेवा, निम्मी पोरं तरी थांबतात. अभ्यासिका बारापर्यंत उघडी ठेवा.

आणि रेक्टर कोण, ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी तासिका तत्त्वावरच्या एखाद्या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात रेक्टरकी बांधतात. त्याचं मानधन चार महिने थकलेलं, खोली भाड्याची, घर गावात. तो रात्री नऊला निघून जातो. पोरं अकरानंतर येतात.