फ्रिज आडवा, बोल्ट भंगारात

शाळांचे निकाल लागले की घरं हलायला लागतात आणि माझा फोन खणखणायला लागतो. अकरा महिन्यांचे करार संपलेले असतात, बदल्या झालेल्या असतात. पुण्यात घरगुती उपकरणं दुरुस्त करायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. दर मे-जूनला तेच प्रश्न येतात, गावं तेवढी बदलतात. म्हणून यंदा आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथंच घेतो.

टीव्ही-मिक्सरची मूळ खोकी जपून ठेवावीत का? माळा भरून गेलाय. (चिंचवड)

टीव्हीचं ठेवा, थर्माकोलसकट. बाकीची रद्दीत द्या.

फ्रिज आडवा केला की गॅस उडून जातो, असं शेजारचे सांगतात. आमच्या चाळीच्या जिन्यातून उभा फ्रिज वळत नाही. काय करावं? (डोंबिवली)

शेजाऱ्यांना सांगा, गॅस नळ्यांमध्ये बंद असतो. नळी फुटली किंवा सांधा गळला तरच तो जातो. फ्रिज आडवा केल्यानं हलतं ते कॉम्प्रेसरमधलं तेल. ते नळ्यांमध्ये उतरतं, आणि आपण नव्या घरात पोचल्या पोचल्या कौतुकानं बटण दाबलं की कॉम्प्रेसर तेलाशिवाय फिरतो. शिवाय कॉम्प्रेसर आत स्प्रिंगांवर बसवलेला असतो, आडव्या फ्रिजला बसलेला दणका थेट त्याला लागतो. जिन्यात वळवण्यापुरता तिरका करा, ट्रकमध्ये मात्र उभाच बांधून घ्या. उभा आला असेल तरी चार-सहा तास थांबून सुरू करा. आडवा आला असेल तर एक दिवस उभा राहू दे.

आदल्या दिवशी फ्रिज बंद करून बर्फ वितळू द्या आणि मागचा पाण्याचा ट्रे रिकामा करा. नाहीतर ते पाणी ट्रकमध्ये तुमच्याच गाद्यांवर सांडतं.

नव्या घरी फ्रिज थंड होत नसेल आणि कुणी न तपासताच "आडवा आणलात ना, गॅस भरावा लागेल" म्हणाला, तर आधी गळती कुठं आहे ते दाखवायला सांगा. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर ६००ए हा ज्वालाग्राही गॅस असतो. तिथं कंपनीचाच तंत्रज्ञ बोलवा.

फ्रिज आणि वॉशिंग मशीन रिकामीच न्यायची, तर त्यात डबे, पांघरुणं भरली तर जागा वाचेल का? (सातारा)

नाही. ती कपाटं नाहीत.

आमचं सात किलोचं फ्रंट लोड (पुढून दार असलेलं) वॉशिंग मशीन आहे. ते बसवताना पाठीमागून चार बोल्ट काढून आमच्या हातात दिले होते, ते आता सापडत नाहीत. पॅकर्सचा माणूस म्हणतो, "बबल रॅप घट्ट गुंडाळतो, काही होत नाही." चालेल का? (हडपसर)

चालणार नाही. खरं सांगायचं तर याच प्रश्नासाठी मी लिहायला बसलो.

या मशीनच्या पोटात काय आहे ते एकदा समजून घ्या. कपडे फिरतात तो ड्रम एका मोठ्या टबात असतो. टब वरून स्प्रिंगांना टांगलेला आणि खालून मोटरसायकलला असतात तसल्या लहान शॉक ॲब्झॉर्बरवर टेकलेला. त्याच टबाला काँक्रीटचे वजनदार ठोकळे आवळलेले असतात, स्पिनच्या वेळी मशीन नाचू नये म्हणून. (मशीन उचलताना हमाल ज्याला शिव्या घालतो, ते वजन हेच.) म्हणजे पत्र्याच्या पेटीत हा सगळा भार लोंबकळत असतो. ट्रक खड्ड्यात आदळला की बबल रॅपमधली पेटी जागच्या जागी राहते आणि आतला टब मात्र हिंदकळून पत्र्यावर आपटतो. बाहेरून सात पदर गुंडाळलेत तरी आतल्या लोंबकळत्या टबाला त्याचा काय उपयोग? ते चार बोल्ट टबाला मागच्या बाजूनं जखडून ठेवतात. कंपनी कारखान्यातून मशीन तसंच पाठवते, आणि आपण ते बोल्ट पहिल्याच दिवशी भंगाराच्या पिशवीत टाकतो.

गेल्या वर्षी वाकडला एका घरी गेलो होतो. मशीन सोलापूरहून आलेलं, वर ओरखडासुद्धा नाही. तक्रार अशी की स्पिनला लागलं की घरातून रेल्वे गेल्यासारखं वाटतं. मागचं पॅनल काढलं तर तळाला राखाडी भुगा. काँक्रीटच्या ठोकळ्याचा कोपरा उडालेला, एक शॉक ॲब्झॉर्बर बुडातून निखळलेला, दाराचं रबर घासून फाटलेलं. बोल्ट कुठं आहेत विचारलं, तर काका म्हणाले, "ते होय? ते दिवाळीच्या साफसफाईत गेले." दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर काकूंनी काकांकडं जे बघितलं, ते मी लिहीत नाही.

तर तुम्ही असं करा. मशीनच्या स्टिकरवरून मॉडेल नंबर उतरवून घ्या. तो बहुधा दाराच्या आतल्या कडेला किंवा मागे असतो. तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सांगून बोल्ट मागवा. यायला दिवस लागतात, म्हणून आजच फोन करा. हार्डवेअरच्या दुकानातला "त्याच मापाचा" बोल्ट अजिबात लावू नका. लांबी चुकली तर टबालाच भोक पडतं, आणि मूळ बोल्टवर जो प्लॅस्टिकचा जाड ठोकळा असतो तो या बोल्टला नसतो. टब धरून ठेवण्याचं अर्धं काम तोच करतो. बोल्ट मिळालेच नाहीत तर टब आतून कसा आवळायचा, हे त्या मॉडेलच्या तंत्रज्ञाला घरी बोलवून विचारा. इथं बसून मी सांगणार नाही.

आणखी एक. पुढच्या बाजूला खाली झडप असते, तिच्या आतला फिल्टर सैल करून उरलेलं पाणी काढा. खाली परात ठेवा, वाटतं त्यापेक्षा जास्त निघतं. नव्या घरी मशीन सुरू करण्याआधी बोल्ट काढायला विसरू नका. तसंच चालवलं तर मशीन न्हाणीघराच्या दाराबाहेर चालत येतं. आणि काढलेले बोल्ट कुठं ठेवायचे? घराच्या ॲग्रीमेंटच्या फाइलमध्ये. ती कुणी भंगारात देत नाही.

एसी काढायला आलेला मुलगा म्हणतो, काढताना गॅस जाणारच, नव्या घरी पूर्ण भरावा लागेल. हे खरं का? (ठाणे)

कॉम्प्रेसर चालू असेल तर खोटं. एसी सुरू ठेवून बाहेरच्या युनिटचा बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन कीनं बंद करायचा, सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये जमू द्यायचा, मग जाड नळीचा बंद करायचा आणि लगेच एसी बंद. याला पंप डाउन म्हणतात. काही मिनिटांचं काम. हे न करता थेट नट सोडला की "फुस्स" असा लांबलचक आवाज येतो. ते तुमचे पैसे जात असतात, कारण भरायलाही तोच येणार असतो. नव्या घरी बसवताना नळ्यांतली हवा आणि दमटपणा व्हॅक्युम पंपानं काढावा लागतो. पंप आणला आहे का, एवढं विचारा. उत्तरावरून माणूस कळतो. तांब्याची जादा नळी लावली तर टेपनं तुमच्यासमोर मोजायला सांगा. यातलं काही स्वतः करून बघू नका. नव्या एसीतला आर ३२ गॅस पेट घेऊ शकतो, आणि बाहेरचं युनिट ग्रिलच्या पलीकडे असतं.

इन्व्हर्टरची बॅटरी ट्रकमध्ये इतर सामानाबरोबर जाईल ना? (अकोला)

मोठ्या ट्युब्युलर बॅटरीचं वजन पन्नास किलोच्या पुढं असतं आणि आत गंधकाचं आम्ल. कलंडली तर कपडे, लाकूड, माणूस, काहीही भाजेल. बरेच पॅकर्स ती घेत नाहीत, आणि बरोबर करतात. दोन्ही टर्मिनलवर इन्सुलेशन टेप, उभी, वेगळ्या क्रेटमध्ये, वर काही न ठेवता न्यावी लागते. जुनी झाली असेल तर इथल्याच विक्रेत्याकडे मोडीत देऊन तिकडं नवी घ्या. नेणारच असाल तर वायरी सोडायला इलेक्ट्रिशियन बोलवा.

५५ इंची टीव्ही दोन गाद्यांमध्ये आडवा ठेवतो, असं पॅकर्स म्हणतात. (कोल्हापूर)

टीव्ही उभाच न्यायचा. आडवा ठेवला की पॅनलवर भार येतो, आणि वरच्या गादीवर कुणीतरी बसतंच. स्क्रीनवर आधी मऊ फोम, बबल रॅप त्याच्यावर. चिकटपट्टी स्क्रीनला लावू देऊ नका.

पॅकर्सनी सामानाच्या किमतीच्या तीन टक्के "इन्शुरन्स" म्हणून लावलेत. मोडतोड झाली तर भरपाई मिळेल का? (नाशिक)

विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर मागा. ते देत नसतील तर तो विमा नाही, नुसती वाढीव रक्कम आहे. बिल्टीवर, म्हणजे ट्रकवाल्याच्या माल-पावतीवर, "मालकाच्या जोखमीवर" असं छापलंय का तेही वाचा. खरी पॉलिसी असली तरी बाहेरून काही न मोडता आतून बिघडलेलं उपकरण बहुधा त्यात बसत नाही. वाकडच्या मशीनचं तेच झालं. निघण्यापूर्वी प्रत्येक वस्तू चालू अवस्थेत, सीरियल नंबर दिसेल असा व्हिडिओ काढून ठेवा. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर विचारा. पॉलिसीतल्या अटी मात्र जाणकाराला दाखवा, मी पाने-पकडीचा माणूस आहे.

ट्रक उद्या सकाळी सातला येतोय. फ्रंट लोड मशीन आणि फ्रिज आहे. आज रात्री उत्तर मिळेल का? (खराडी)

हे छापून येईपर्यंत तुम्ही पोचलेले असाल. फ्रिज आडवा आणला असेल तर एक दिवस लावू नका. मशीन लावूच नका. आधी मागचं पॅनल उघडून घ्या.