काही कलाकार चिनी पारंपरिक पदार्थांतून स्त्रीची ओळख आणि कुटुंबाच्या अपेक्षा मांडतात, त्याला कला का म्हणायचं?

म्हणायचंच. जेवणात कसली आलीय कला, असं तुम्ही पुढे विचारलंय म्हणून लिहितेय.

चिनी शिकत होते तेव्हा एका वर्गमैत्रिणीच्या लग्नाला शानदोंग प्रांतात तिच्या गावी गेले होते. पलंगावरच्या लाल चादरीवर सुकी लाल बोरं, भुईमुगाच्या शेंगा, लिचीसारखी लोंगान फळं आणि कमळाच्या बिया पसरलेल्या. बोर म्हणजे त्झाओ, आणि 'लवकर' यालाही त्झाओच. भुईमूग म्हणजे ह्वाशंग, त्यातल्या 'शंग'चा अर्थ जन्म देणं. चारही नावांतली अक्षरं जोडली की 'लवकर थोर पुत्र होवो' असा आशीर्वाद होतो. पुत्रच.

मग नवरीला मुद्दाम अर्धवट उकडलेलं, मोमोसारखं सारण भरलेलं च्याओत्झ भरवलं. सासरच्या एका बाईंनी विचारलं, "शंग बू शंग?" कच्चं आहे का? त्याच शब्दांत, त्याच सुरात दुसरा प्रश्न: मूल होऊ देणार का? घास खरंच कच्चा होता. ती म्हणाली, "शंग." सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या.

रात्री मी तिला विचारलं, "शिजलंय म्हणाली असतीस तर?"

"दुसरं कच्चं भरवलं असतं."

ती तेव्हा 29 वर्षांची होती. आधीची दोन वर्षं घरात तिला 'शंगन्यू' म्हणायचे, उरलेली बाई. चिनीत सूर बदलला की अर्थ बदलतो; हा 'शंग' वेगळ्या सुरातला, उरलेल्या भाताला लावतात तो. 2007 मध्ये चीनच्या शिक्षण मंत्रालयाने नव्या शब्दांच्या यादीत तो घेतला. म्हणजे लग्न झालं तर कच्चा घास, नाही झालं तर शिळा भात. बाईचं सगळं आयुष्य स्वयंपाकघरातल्या शब्दांत बसवलेलं असताना एखादी कलाकार तेच जिन्नस उचलून प्रदर्शनात मांडते, तर त्यात नवल काय?

छन छ्यूलिन या चिनी कलाकाराचं काम बघा. ती चिनी आडनावं टोफूत, म्हणजे सोयाबीनच्या पनीरात, कोरते. टोफू पिवळा पडतो, सुकतो, त्याला बुरशी येते. चीनमध्ये बाई लग्नानंतर स्वतःचं आडनाव ठेवते, पण मुलाला बहुतेक वेळा बापाचंच लागतं. ते आडनाव डोळ्यांदेखत नासताना मला तरी बायकाच दिसल्या. तिच्या मनात स्थलांतर, मोडलेली गावं हेही असेल.

जेवणातल्या अशा रीतींवरून आमच्या घरचा वाद अजून मिटलेला नाही. माझ्या डोहाळजेवणात मी वाटी उचलली, खाली बर्फी निघाली. मामेसासूबाई म्हणाल्या, "परत उचल." दुसऱ्यांदा पेढा आला तेव्हा सगळ्या हसल्या. मी नवऱ्याला त्या च्याओत्झची गोष्ट सांगितली, तर म्हणाला, "गंमत असते गं ती." गंमत असती तर पहिल्या वाटीवर थांबले असते. तुम्हालाही कुणी गंमत म्हणून गप्प करत असेल तर गप्प बसू नका.

लग्नातलं ते सगळं मुख्यतः उत्तर चीनचं. दक्षिणेत रीती वेगळ्या, आणि शहरातल्या कित्येक मुली आता हे करतच नाहीत. कलाकारांची यादी हवी असेल तर ती माझ्याकडे नाही.

मुलगी झाली तेव्हा मी पेढे वाटायला लावले. मामेसासूबाईंनी पेढा हातात घेऊन विचारलं, "मुलगा का?" मी म्हटलं, "मुलगी. खा."