गाडी धुतल्यावर ठिपके आणि पट्टे न पडता कशी सुकवायची?

काळ्या गाडीवर हे जरा जास्तच उठून दिसतं, त्यामुळे तुमचा वैताग समजतो. दोन-दोनदा पुसूनही पांढरे ठिपके राहतात आणि काचेवर पट्टे दिसतात असं तुम्ही म्हणताय, पण ही दोन वेगळी दुखणी आहेत हो.

ठिपके पाण्याचे. जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात, पाणी उडून जातं आणि क्षार मात्र तिथेच बसतात, पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर बसतो ना, तोच हा. म्हणजे थेंबाला गाडीवर वाळू द्यायचंच नाही. सावलीत धुवा, आणि गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आधी बॉनेटवर हात ठेवून बघा, कोमट जरी लागलं तरी थांबा, कारण गरम पत्र्यावर फडकं फिरवायच्या आत पाणी वाळलेलं असतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, जे फार कमी लोक करतात. शेवटचं पाणी मारताना पाईपचं नोझल काढून टाका, धार बारीक ठेवा आणि पाईपचं तोंड छताच्या अगदी जवळ धरून सावकाश वरून खाली सोडत या. पाण्याचा एकसलग पडदा खाली सरकतो आणि अडकलेले थेंब सोबत ओढून नेतो. गाडीला वॅक्स केलेलं असेल तर बघत राहावं असं होतं, अर्धंअधिक पाणी आपोआप उतरतं. फवारा मारलात की उलट बारीक थेंब सगळीकडे पसरतात.

मग मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल घ्या, बॉनेटवर पूर्ण पसरा, दोन कोपरे धरून हळू स्वतःकडे ओढा. घासू नका, राहिलेली धूळ रंगावर रगडली जाते आणि बारीक ओरखडे येतात. छत, काचा, बॉनेट, मग बाजू, आणि दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी कारण घाण तिथेच असते.

पट्टे मात्र बहुतेक वेळा शाम्पू नीट निघाला नसेल तर पडतात, नाहीतर फडक्यामुळे. टॉवेल धुताना फॅब्रिक कंडिशनर अजिबात घालू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो, टॉवेल पाणी शोषायचं सोडून नुसतं पसरवतो. काचेला वेगळं फडकं ठेवा, बॉडीवरचं वॅक्स काचेवर लागलं की पट्टे आलेच.

आणि हो, आरसे, हँडल, नंबर प्लेट, डिकीची फट, इथलं पाणी नंतर सावकाश गळतं. ब्लोअर असेल तर हवा मारा, नसेल तर दारं-डिकी एकदा उघडून बंद करा आणि थोड्या वेळाने परत एक हात फिरवा.

जुने ठिपके असतील तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं करून फडक्याने लावा, वाळू न देता लगेच साध्या पाण्याने धुवून पुसा. तरीही गेले नाहीत तर क्षारांनी क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, खाल्लाय असं समजा, मग पॉलिशच करावं लागतं, आणि ते हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्या.