ब्रिटिश नागरिकत्व घेतल्यावर ब्रिटिश असल्याचा अभिमान वाटतो का?

आपण विचारले आहे की, भारतात जन्मलेल्या आणि नंतर ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्या माणसाला ब्रिटिश असल्याचा अभिमान वाटतो का, आणि मुळात ‘ब्रिटिश असणे’ म्हणजे नेमके काय. मी २००६ पासून वेल्समधील कार्डिफ येथे राहते, एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते आणि २०१४ साली मी हे नागरिकत्व घेतले. पुण्याकडचे नातेवाईक हाच प्रश्न थोड्या दुखावलेल्या सुरात विचारतात आणि इथले सहकारी कुतूहलाने विचारतात. मला अभिमान वाटतो, पण तो ज्या गोष्टींचा वाटतो आणि लाज ज्या गोष्टींची वाटते, त्या दोन्ही एकाच नावाखाली मोडतात, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

नागरिकत्वाआधी एक परीक्षा द्यावी लागते. ४५ मिनिटांत २४ प्रश्न असतात आणि त्यांतले १८ बरोबर यावे लागतात. त्यासाठी मी राजघराण्यांच्या सनावळ्या पाठ केल्या, पण त्यातून ब्रिटिशपणाबद्दल मला फारसे काही कळले नाही. कळले ते शपथविधीच्या दिवशी. त्या सभागृहात पहिल्यांदा राणीशी आणि तिच्या वारसांशी निष्ठेची प्रतिज्ञा होती, आणि ती म्हणताना माझा आवाज खाली गेला हे मी लपवणार नाही. माझ्या आजीच्या वडिलांची जमीन ज्या सरकारने घेतली, त्या सरकारचा कारभार याच सिंहासनाच्या नावाने चालत असे. त्यानंतरची प्रतिज्ञा मात्र या देशाचे हक्क आणि स्वातंत्र्ये यांचा आदर करण्याची, लोकशाही मूल्ये जपण्याची आणि कायदे पाळण्याची होती. तिच्यात वंश, धर्म किंवा मातृभाषा यांचा उल्लेख नव्हता. आमच्यापैकी एकाने ती वेल्श भाषेत घेतली. इथल्या कायद्यानुसार नागरिकत्वासाठी इंग्रजी, वेल्श किंवा स्कॉटिश गेलिक यांपैकी कोणत्याही एका भाषेचे ज्ञान चालते, हे मला तोवर माहीत नव्हते.

काही आठवड्यांनी मी माझा भारतीय पासपोर्ट परत केला, कारण भारतीय कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. रद्द झाल्याचा शिक्का मारलेला तो पासपोर्ट हातात आला, त्या संध्याकाळी मी रडले. एका देशाचे झाल्याचा आनंद आणि दुसऱ्या देशाच्या दप्तरातून नाव गेल्याचे दुःख मी एकाच महिन्यात अनुभवले, आणि त्यातले एक खरे आणि दुसरे खोटे असे मला कधीच म्हणता आलेले नाही.

आता ‘ब्रिटिश’ या शब्दाकडे वळते. हे एका लोकसमूहाचे नाव नाही, अनेक घरांवरच्या एका छपराचे नाव आहे. १७०७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे एकीकरण झाले. वेल्स त्याआधीच, सोळाव्या शतकात, इंग्लंडच्या कायद्याखाली आणले गेले होते. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणारी बाई स्वतःला वेल्श म्हणवते, आणि ब्रिटिश हा तिच्या मते केवळ पासपोर्टवरचा शब्द आहे. उत्तर आयर्लंडमध्ये तर १९९८ च्या शांतता कराराने प्रत्येक माणसाला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा हक्क लेखी दिला आहे. माझा पासपोर्ट नुकताच रद्द झालेला असताना मी हे कलम वाचले आणि कितीतरी वेळ त्या एका वाक्यावरच थांबले होते.

माझ्यासारख्यांना हा छपरासारखा शब्दच सोयीचा पडतो. मला कुणी इंग्लिश म्हणणार नाही, आणि मीही म्हणवून घेणार नाही, कारण तो शब्द ऐकणाऱ्याच्या मनात अजून पुष्कळदा कुळाचा आणि वर्णाचा अर्थ येतो. वेल्श माझी मुलगी आहे. ती कार्डिफला जन्मली आणि शाळेत वेल्श शिकते. मी ब्रिटिश होऊ शकले, कारण त्या शब्दाला बाहेरून आलेल्या माणसासाठी दार आहे. मात्र तो शब्द लोकांच्या मनात फार घट्ट रुजलेला आहे असेही समजू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ च्या जनगणनेत केवळ ब्रिटिश अशी ओळख १९.१ टक्के लोकांनी नोंदवली होती, आणि २०२१ मध्ये हेच प्रमाण ५४.८ टक्के झाले. यामागचे एक मोठे कारण असे की, इंग्लंडमधल्या अर्जावर पर्यायांच्या यादीत ‘ब्रिटिश’ हा शब्द सर्वांत वर आणला गेला होता. जी ओळख पर्यायांचा क्रम बदलल्यावर एवढी हलते, तिच्यासाठी कुणी छाती बडवून घ्यावी असे मला वाटत नाही. पण तिच्यात ज्यांना राहायचे आहे त्यांना जागा पुष्कळ आहे, हेही त्यावरून दिसते.

मी वेल्समध्ये राहत नसते तर या गोष्टी मला इतक्या स्पष्ट दिसल्या नसत्या. उत्तर वेल्समध्ये ट्रिवेरिन नावाचे खोरे आहे. तिथले कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव, शाळा, टपाल कचेरी, प्रार्थनाघर आणि दफनभूमीसह, १९६५ साली पाण्याखाली गेले, कारण लिव्हरपूल या इंग्रज शहराला पाणी हवे होते. १९५७ मध्ये संसदेने त्यासाठी कायदा केला तेव्हा वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिले नाही, तरीही तो मंजूर झाला. त्या तलावाकाठी मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला आजीचे माहेर आठवले. तेही असेच बुडाले, मुळशीच्या धरणात. मुंबईला वीज हवी होती, सरकारने कायद्याने जमिनी मिळवून दिल्या, आणि १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला तरी धरण थांबले नाही. आजी म्हणायची, ‘आमच्या चुलीवर मुंबईचा दिवा लागला.’ ही गोष्ट मी माझ्या वेल्श सहकारी बाईला सांगितली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. त्यानंतर आम्ही एकमेकींशी वेगळ्या तऱ्हेने बोलू लागलो.

मात्र वेल्स म्हणजे केवळ सोसणारा देश, असा सोपा निष्कर्षही मला काढता येत नाही. वेल्शपूल गावाजवळ पोविसचा किल्ला आहे. क्लाइव्ह घराण्याने भारतातून आणि पूर्वेकडून आणलेल्या ३०० हून अधिक वस्तू तिथे आहेत, आणि त्यांत टिपू सुलतानाचा तंबूसुद्धा आहे. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तंबूपुढे उभी राहून तिने विचारले, ‘आई, हा इथे कसा आला?’ तिला मी श्रीरंगपट्टणची लढाई सांगितली आणि कोणी काय नेले तेही सांगितले. ज्या देशाची ती नागरिक आहे त्या देशाने हे केले, हे तिला माझ्या तोंडून आणि लहानपणीच कळावे असे मला वाटले. इथल्या अभ्यासक्रमात साम्राज्याचा भाग फार तोकडा आहे, असे माझे ठाम मत आहे.

मग अभिमान कशाचा? सर्वांत आधी, मी जिथे काम करते त्या आरोग्यसेवेचा. ती ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली आणि तिचा पाया घालणारे मंत्री अनायरिन बेव्हन हे वेल्सच्या ट्रेडिगर या खाणगावचे. तिथले कामगार आपल्या मजुरीतून थोडे थोडे पैसे काढून सगळ्या गावाच्या औषधपाण्याची सोय करत असत, आणि तीच व्यवस्था सबंध देशाला लागू करण्याची कल्पना बेव्हन यांनी पुढे नेली. माझ्या टेबलावर येणाऱ्या रक्ताच्या नळीवर रुग्णाचे उत्पन्न लिहिलेले नसते, आणि तपासणीचे पैसे त्याच्याकडून कुणी मागत नाही. या एका गोष्टीसाठी मी ब्रिटिश असल्याचे कुठेही मान वर करून सांगेन.

त्याच वर्षी, आरोग्यसेवा सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी, कॅरिबियन बेटांवरून ‘विंडरश’ जहाज टिलबरी बंदरात आले होते. पुढच्या काळात तसेच आलेल्या आणि आयुष्यभर इथे राबलेल्या माणसांना सरकारने बेकायदा ठरवले, काहींना हद्दपारही केले, हे २०१८ मध्ये उघड झाले. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी रागाने म्हणाले, ‘हे ब्रिटिशांना शोभणारे नाही.’ म्हणून गेले आणि मीच दचकले, कारण हा शब्दप्रयोग माझा नव्हता. मुंबईचे दादाभाई नवरोजी १८९२ मध्ये फिन्सबरी सेंट्रल मतदारसंघातून मूठभर मतांच्या फरकाने ब्रिटिश संसदेत निवडून गेले आणि १९०१ मध्ये त्यांनी भारताच्या दारिद्र्यावरच्या आपल्या ग्रंथाच्या नावातच त्या राज्यकारभाराला ‘अनब्रिटिश’ म्हटले. राज्यकर्त्यांनी ज्या न्यायाचा डांगोरा पिटला, त्याच मापाने त्यांना मोजायचे, ही दादाभाईंची रीत होती. लहानपणी मला ती फार मवाळ वाटे. टिळकांच्या गावात वाढलेल्या मुलीला वाटे की, लूट हाच तर ब्रिटिश कारभार होता, त्यात ‘अनब्रिटिश’ काय? आणि दादाभाईही १९०६ च्या कोलकाता काँग्रेसमध्ये अखेर स्वराज्याच्या मागणीपर्यंत आले होते.

आज मला त्या दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. ब्रिटिश या नावाने मुळशीची जमीन घेतली गेली आणि त्याच नावाने माझ्या रुग्णांना मोफत उपचार मिळतात, आणि आता मी नागरिक असल्यामुळे पहिल्या गोष्टीबद्दल उत्तर मागण्याचा हक्क मला दादाभाईंपेक्षा अधिक भक्कम आहे. माझ्या खासदाराला मी पत्रे लिहिते, दर निवडणुकीला मत देते, आणि ब्रिटिशपण मला याच कामात सर्वाधिक जाणवते. राष्ट्रगीत लागले की मी उभी राहते, पण अजून ओठ हलत नाहीत. वेल्सचे गीत लागले की मुलीबरोबर मी तोडक्यामोडक्या उच्चारांत गाते.

२०२१ च्या जनगणनेचा अर्ज आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरला. राष्ट्रीय ओळखीच्या प्रश्नाला मी ब्रिटिश लिहिले, नवऱ्याने, जो अजून भारतीय पासपोर्टवर आहे, भारतीय लिहिले, आणि मुलीने वेल्श व ब्रिटिश अशा दोन्ही चौकटींत खूण करायला सांगितले. पुढच्याच प्रश्नात, वांशिक गट विचारला तेव्हा, आम्ही तिघांनीही भारतीय हीच चौकट निवडली.