निधी किती, याआधी कधी ते विचार
धान्य खरेदी करणाऱ्या उद्योगाला अनुदान किती द्यावं, असा आकडा तू विचारतोस; मी आधी महिना विचारतो. शेतकऱ्यांकडून धान्य घेणाऱ्या सामाजिक उद्योगाला, म्हणजे नफ्याआधी लोकांचं भलं पाहणाऱ्या धंद्याला, पैसा लागतो तो ऐन सुगीत. शेतकऱ्याला रोख तेव्हाच हवी असते. माल विकला जातो चार-सहा महिन्यांनी. मधल्या काळासाठी खेळतं भांडवल नसेल तर माल सरळ व्यापाऱ्याच्या दारात जातो. सुगी उलटल्यावर आलेल्या मदतीतून अहवाल मात्र झकास होतात!

आणि गोदामात स्वतः जा. पोत्यात कोपरापर्यंत हात घाल. आत ऊब लागली तर धान्य ओलं आहे, नाहीतर कीड लागली आहे. साठवताना ओलावा साधारण १३ टक्क्यांच्या आत हवा. हवाबंद पिशवीत कीड प्राणवायूअभावी मरते, पण ओलं धान्य तिथेही नासतं. म्हणून पिशव्यांआधी ओलावामापक घेऊन दे.